‘पाव’ एक, शब्द चार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात वाण्याच्या दुकानात जाऊन नुसतं “पाव द्या” म्हटलं, तर समोरून “कशाचा पाव?” असा प्रश्न येतो. पाव किलो शेंगदाणे हवेत, की पावाची लादी? त्याच वेळी शेजारच्या मंडळाचा कार्यकर्ता वर्गणीची पावती घेऊन उभा असतो, आणि त्याच्या मंडळाचा गणपती नवसाला पावतो अशी ख्याती असते. हे सगळे ‘पाव’ एकाच मुळाचे आहेत का, हे विचारणारे बरेच भेटतात. त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मराठीत ‘पाव’ हे शब्द नक्की किती?

ठळक असे तीन. एक चौथा भाग दाखवणारा (पाव किलो, पाव टक्का), दुसरा खायचा, आणि तिसरा ‘पावणे’ या क्रियापदातला (देवा, धाव, पाव!). चौथा बोलीतला आहे. “काय पावणं, कधी आलासा?” यातला ‘पावणं’ म्हणजे पाहुणा. चारही वेगवेगळ्या वाटांनी आले आणि मराठीत येऊन सारखे ऐकू यायला लागले. ‘पावन’ आणि ‘पावक’ हे आणखी वेगळे. ते ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे या संस्कृत धातूचे. पावक म्हणजे शुद्ध करणारा, म्हणजेच अग्नी. उद्या कुणी म्हणेल की भट्टीतल्या पावकावर भाजतात म्हणून पाव. आधीच सांगून ठेवतो, तसं नाही.

खायच्या पावाला पाव का म्हणतात? चार जोडलेल्या पावांपैकी एक, म्हणजे पाव भाग, म्हणून ना?

नाही. ही व्युत्पत्ती इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती खोडताना वाईट वाटतं, कारण ती खरोखरच सुबक आहे. पण लादीत पाव किती असावेत याचा कुठे नियम नाही. बेकरीप्रमाणे आकडा बदलतो. आणि शब्द तर लादीच्या आधीचा आहे.

हा ‘पाव’ पोर्तुगीज. त्यांच्या भाषेत ब्रेडला ‘पांव’च्या जवळ जाणारा, नाकातून उच्चारलेला शब्द आहे. तो लॅटिन ‘पानिस’पासून आला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला, गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलं, वसई १५३४ मध्ये. या लोकांना जेवायला ब्रेड लागायचा आणि चर्चमधल्या प्रार्थनाविधीलाही गव्हाची भाकर लागायची. गहू मिळाला, पण पीठ फुगवायला त्यांच्याकडचं यीस्ट इथे नव्हतं. त्यावर उपाय म्हणून माडाची ताडी वापरली गेली. गोव्यात पाव करणाऱ्याला आजही ‘पोदेर’ म्हणतात. तोही पोर्तुगीजच शब्द, आणि त्याचंही मूळ त्याच ‘पानिस’मध्ये. मराठीत येताना पावाचा नाकातला उच्चार गेला. गुजरातीत मात्र तो टिकून आहे. तिथल्या गाडीवर ‘पांउभाजी’ असं लिहिलेलं दिसेल, ते चुकीचं शुद्धलेखन नाही. उलट लिस्बनच्या जास्त जवळचं आहे.

मग पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव, हे?

हेही नाही. ही दुसरी लोककथा, आणि ती जरा डोळसपणे ऐकायला हवी. मोठ्या बेकरीत कणकेचे ढीग कुणी पायांनी तुडवले असतीलही. पण या गोष्टीचा जोर तंत्रापेक्षा विटाळावर आहे. परक्या धर्माच्या, परक्या हातांनी केलेलं, आंबवलेलं अन्न, त्यात ताडी घातलेली. सोवळ्या घरात ते नको होतं, आणि “अहो, पायांनी मळतात ते” हे सांगणं सोपं होतं. पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला आणि त्या विहिरीचं पाणी प्यायलेला अख्खा गाव बाटला, ही गोष्ट कोकणात आणि वसईच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यातही पाव हा बाटण्याचं हत्यार म्हणूनच येतो.

हे फक्त कोकणापुरतं होतं असं समजू नका. पुण्यात ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका समारंभाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यावरून जे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं त्यात टिळक आणि रानडे दोघंही सापडले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घेतली गेली. ज्या शहरात बिस्किटाने एवढं केलं, तिथे पावाला स्वयंपाकघरात यायला वेळ लागला यात नवल नाही. पुण्याच्या जुन्या, नावाजलेल्या बेकऱ्या पेठांपेक्षा लष्कर भागात जास्त दिसतात, ते उगाच नव्हे.

आता व्युत्पत्तीपुरतं बोलायचं तर मुद्दा एका वाक्यात संपतो. लिस्बनच्या बेकरीवाल्याला मराठी येत नव्हतं, तरी तो हाच शब्द वापरत होता.

बरं, पण पाव किलोतल्या ‘पाव’चा पायाशी संबंध आहे असं वाचलं. ते खरं का?

ते मात्र अगदी खरं. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय, आणि ‘पाद’ म्हणजेच चौथा हिस्सा. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे एक चतुर्थांश, असा हा सरळ हिशोब. श्लोकाचे चार चरण असतात, त्या प्रत्येकाला पाद म्हणतात. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय आणि प्रत्येकाचे चार पाद, एकूण ३२. पुरुषसूक्त म्हणणाऱ्यांना ‘पादोऽस्य विश्वा भूतानि’ पाठ असेल. सगळी भूतं मिळून त्या पुरुषाचा एक पाद, उरलेले तीन वर द्युलोकात. म्हणजे तिथेही पाव आणि पाऊण असाच भाग पाडलेला आहे. पत्रिकेत नक्षत्राचं ‘चरण’ लिहितात, तेही नक्षत्राचे चार भाग करून.

‘पाद’मधला ‘द’ प्राकृतात झिजून गेला आणि दोन स्वरांच्या मधे फट राहिली. ती एकदा ‘य’ने बुजली तेव्हा ‘पाय’ झाला, एकदा ‘व’ने बुजली तेव्हा ‘पाव’ झाला. मराठीने दोन्ही ठेवले आणि कामं वाटून दिली. चालायला पाय, मोजायला पाव. ‘पाऊल’ही याच घरातलं. हिंदीने दुसरी सोय केली, पाय दाखवताना ‘पाँव’ नाकातून म्हणायचा आणि चौथा भाग दाखवताना ‘पाव’ नुसता. बंगालीत चौथ्या भागाचा ‘पोआ’ झाला. नेपाळीत ‘पाउ’ आहे, पण तिथलं पाउ साधारण २०० ग्रॅमचं. काठमांडूच्या बाजारात पुणेरी हिशोब लावला तर पिशवी हलकी वाटेल.

पाऊण, सव्वा, पावणेदोन हे सगळे याच पावाचे?

हो. आणि खरं सांगायचं तर या प्रश्नावर कितीही वेळ बोलता येईल.

पाद-ऊन, म्हणजे पावाने कमी, त्याचं झालं ‘पाऊण’. स-पाद, म्हणजे पावासह, त्याचं ‘सवा’, मग ‘सव्वा’. ‘साडे’ वेगळ्या मुळाचं आहे. ते स-अर्ध, सार्धपासून. म्हणून पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, सव्वादोन म्हणजे दोनावर पाव. दीड आणि अडीच यांचं आणखी गमतीशीर आहे. अडीच म्हणजे ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा, म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्याचा अर्धा. याच चालीवर साडेतीनला ‘अर्धचतुर्थ’, त्याचं मराठीत ‘औट’. साडेतीन हातांच्या देहाला औट हाताचा देह म्हणतात तो हाच.

आजी-आजोबांच्या पिढीने शाळेत पाढे म्हटले ते फक्त दोन ते तीसचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे होते. सतरा पाव म्हणजे सव्वाचार, हे विचार न करता तोंडातून यायचं. बाजारात भाव पावशेराचा आणि माल पावणेतीन शेर, असा व्यवहार रोजचा असेल तर पावकी ही चैन नव्हती. लिहिण्याचीही सोय होती. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. जुन्या मराठी पुस्तकावर किंमत ‘२॥ रुपये’ अशी छापलेली दिसली तर ती अडीच रुपये.

पुण्यात नवीन आलेल्यांसाठी एक सूचना. इथे “पाऊण वाजता या” म्हटलं तर पाऊण तासाने जायचं नाही, पाऊण वाजता म्हणजे पावणेएक वाजता. “सव्वा वाजता” म्हणजे सव्वाएक. मोठ्या संख्यांतही हेच चालतं. पाऊणशे म्हणजे ७५, पावणेदोनशे म्हणजे १७५, सव्वाशे म्हणजे १२५.

पावशेर किती ग्रॅम? आणि नवटाक?

शेर सगळीकडे सारखा नव्हता, हाच मोठा घोळ होता. शेवटी सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम धरला गेला. त्यामुळे पावशेर सुमारे २३३ ग्रॅम. १९५८ पासून दशमान वजनं यायला लागली, शेराचा किलो झाला, पावशेराचा पाव किलो झाला आणि गिऱ्हाईकाला १७ ग्रॅम जास्त मिळू लागले. भावही त्याप्रमाणे वाढला असणार, वाणी काही कच्चा नव्हता.

नवटाक म्हणजे नऊ टाक, आणि ७२ टाकांचा एक शेर धरत. म्हणून पावशेर १८ टाकांचा आणि नवटाक त्याच्या निम्मी. हे दोन्ही शब्द आता धान्यापेक्षा दारूच्या गुत्त्याशी जास्त जोडले गेले आहेत. “पावशेर मारून आलाय” याचा अर्थ समजावून सांगायला नको. नव्या पिढीने त्याच जागी ‘क्वार्टर’ आणला. अर्थ तोच, चौथा भाग. फक्त ७५० मिलीच्या बाटलीचा खरा पाव १८७.५ होतो आणि हातात येते १८०ची.

पावली म्हणजे?

रुपयाचा पाव, चार आणे. अधेली आठ आण्यांची, पावली चारची, चवली दोनची. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि पावलीचे २५ पैसे झाले. लोकांनी तरी तिला चार आणेच म्हटलं. ३० जून २०११ नंतर ते नाणं चलनातून गेलं. गुजरातीतही शब्द पावलीच.

‘व्याजदरात पाव टक्का कपात’ असं बातमीत येतं ते?

तोच. ०.२५ टक्के. इंग्रजी वर्तमानपत्रं त्याला २५ बेसिस पॉइंट म्हणतात. ‘पाव टक्का’ वाचून आजीलाही कळतं, त्यामुळे माझं मत मराठी मथळ्याच्या बाजूने.

गणपती नवसाला ‘पावतो’, तो कुठला पाव?

हा तिसरा. संस्कृत ‘प्राप्’, म्हणजे पोचणे, मिळणे. प्राप्नोतीचं प्राकृतात ‘पावइ’ झालं आणि मराठीत ‘पावणे’. मूळ अर्थ पोचणे हाच. कोकणीत तो अजून रोजच्या वापरात आहे. ‘पावलो’ म्हणजे पोचलो. मराठीत तो ठरावीक ठिकाणी उरला. माणूस प्रसिद्धी पावतो, निधन पावतो, ठराव मान्यता पावतो. देवाच्या बाबतीत अर्थ थोडा सरकला. हाक मारली की जो येऊन पोचतो तो देव पावला, आणि मग पावणे म्हणजे प्रसन्न होणे. ‘धाव, पाव’ या जोडीत जुना अर्थ स्वच्छ दिसतो. आधी धाव, मग पोच.

हिंदीत याच शब्दाचं ‘पाना’ झालं, बंगालीत ‘पाओया’, दोन्हींचा अर्थ मिळणे. देव पावण्याचा अर्थ मराठीच्या वाट्याला आला.

आणि पावती?

तीही त्याच क्रियापदाची. पैसे पावले, म्हणजे पोचले, त्याचा कागद म्हणजे पावती. इथे एक सुंदर जोडी आहे. हिंदी-उर्दूतली ‘रसीद’ फारसी ‘रसीदन’पासून येते, आणि रसीदन म्हणजेही पोचणे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच विचाराने कागदाला नाव दिलं. मराठीने तर खात्री करून घेण्यासाठी ‘पोचपावती’ केली, म्हणजे पोचल्याची पोच. सरकारी कचेरीत अर्ज दिल्यावर ती मागून घ्यावी, हा व्युत्पत्तीबाहेरचा सल्ला.

‘पावती फाडणे’ हे मात्र शहराने घडवलेलं. चौकात पोलिसाने पावती फाडली म्हणजे दंड झाला. ऑफिसात “माझ्या नावावर पावती फाडली” म्हणजे चूक दुसऱ्याची, दोष माझ्यावर.

‘पावणं’ म्हणजे पाहुणा, तो आपल्या घरी ‘पावतो’ म्हणून का?

ऐकायला गोड आहे, पण नाही. पाहुणा संस्कृत ‘प्राघुण’, प्राकृत ‘पाहुण’ असा आलेला आहे. बोलताना ‘हु’ विरला आणि साताऱ्या-सांगलीकडच्या “राम राम, पावणं”मध्ये नुसता ‘व’ ऐकू येतो.

पाऊस, पावसाळा, पावशा?

हे ‘प्रावृष्’चे. संस्कृतात प्रावृष् म्हणजे पावसाळा, प्राकृत ‘पाउस’, मराठी पाऊस. पावसाच्या तोंडावर ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ओरडणारा पावशा पक्षी याच ऋतूच्या नावाने ओळखला जातो. पाऊस ‘पावला’ असं शेतकरी म्हणतो तेव्हा दोन अनोळखी शब्द एका वाक्यात शेजारी बसलेले असतात.

पाद्री हा शब्द तरी ‘पाद’वरून, पूज्यपाद वगैरे?

नाही. पोर्तुगीज ‘पाद्रे’, म्हणजे पिता. संस्कृत ‘पितृ’चा तो दूरचा भाऊ. पायांशी काही नातं नाही.

मग खऱ्या नात्यातले शब्द कुठले?

जे कानाला अजिबात सारखे वाटत नाहीत ते, बहुतेक वेळा. संस्कृत ‘पाद’, लॅटिन ‘पेस’, फारसी ‘पा’ हे एकाच मुळाचे. त्यामुळे सायकलचं पेडल, पार्लरमधलं पेडिक्युअर, फारसीतून आलेला पायजमा (पायाचा जामा, म्हणजे पायात घालायचं वस्त्र) आणि पाव किलो शेंगदाणे हे सगळे भाऊबंद आहेत.

खायच्या पावाचं गोत याहून मोठं. लॅटिन ‘पानिस’चा फ्रेंचमध्ये ‘पँ’ झाला, स्पॅनिशमध्ये ‘पान’, इटालियनमध्ये ‘पाने’. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले आणि तिथे ब्रेडला ‘पान’ म्हणतात ते तेव्हापासूनच्या त्या संबंधातून. कोरियन ‘प्पांग’ जपानीतून गेला. श्रीलंकेत सिंहलीत ‘पान्’. पुण्यात जपानी शिकणारे बरेच आहेत. पहिल्याच आठवड्यात ‘पान खातो’ हे वाक्य आलं की वर्गात हसू फुटतं, आणि शिक्षकांना सुपारी-चुन्याचा खुलासा करावा लागतो. बंगालीत ‘पाउरुटि’ म्हणतात, म्हणजे पोर्तुगीज भाकरीपुढे देशी रोटी जोडली. मिळून ‘ब्रेड-ब्रेड’.

रेल्वेची पँट्री कार याच ‘पानिस’ची. पँट्री म्हणजे मुळात ब्रेड ठेवायची खोली. आणि कंपनीही. लॅटिनमध्ये ‘कोम’ म्हणजे बरोबर, ‘पानिस’ म्हणजे ब्रेड, एका भाकरीचे वाटेकरी ते कंपॅनियन, त्यांचा समूह कंपनी. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर ज्यांचं निशाण चढलं ते कंपनी सरकार शब्दाच्या हिशोबाने पावाचे सोबती होते. हे ऐकून पेठेतल्या एखाद्या इतिहासप्रेमीला आनंद होईल की संताप, सांगता येत नाही.

वडापाव तरी अस्सल मराठी शब्द आहे ना?

अर्धा. वडा संस्कृत ‘वटक’चा, पाव पोर्तुगीज. आत बटाटा आहे, तो शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि बटाटा-मिरची ही दोन्ही पिकं मूळची अमेरिका खंडातली. चावी, पगार, घमेलं, हापूस असे याच वाटेने आलेले शब्द आपण दिवसभर वापरतो. चव मात्र आपली, त्याबद्दल वाद नाही.

पुण्यात मिसळ मागवली तर पावाऐवजी ब्रेडची स्लाइस का येते?

कारण पुण्याच्या जुन्या मिसळवाल्यांची पद्धत तीच. सॅम्पल, म्हणजे रस्सा, वेगळं, स्लाइस वेगळी. इथे ‘ब्रेड’ म्हणजे कापलेला, चौकोनी, आणि ‘पाव’ म्हणजे लादीचा, अशी विभागणी आहे. पोर्तुगीज किंवा इंग्रज माणसाला ती कळणार नाही, त्याच्या लेखी दोन्ही एकच. मुंबईहून आलेल्याला स्लाइस रश्श्यात बुडवताना ती विरघळते अशी तक्रार असते. उपाय सोपा आहे, लवकर खा.

‘पावाचा’ की ‘पावचा’?

खायचा असेल तर सामान्यरूप होतं. पावाचा तुकडा, पावाला लोणी, पावांची लादी. चौथा भाग असेल तर ‘पाव’ विशेषणासारखा तसाच उभा राहतो आणि प्रत्यय पुढच्या शब्दाला लागतो. पाव किलोचा पुडा, पाव तासाने, पाव टक्क्याने. त्यामुळे “पाव किलो पावाचा चुरा” हे वाक्य मराठीत बिनचूक आहे. कटलेट करणार असाल तर तेवढा पुरतोही.